आरोग्यमंत्री साहेब, बाईच्या हार्ट अटॅकला ॲसिडिटी म्हणणं बंद करा

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सादर नमस्कार.

मी नागपूरची, मानेवाडा भागात राहते, वय ५६. मागच्या महिन्यात रात्री माझा जबडा दुखायला लागला, मग पाठ, दरदरून घाम, श्वास पुरेना, मळमळ. छातीवर दाब होता पण बाकीचा त्रासच जास्त. मुलानं जिथं नेलं (नाव घेत नाही, माझं भांडण एका दवाखान्याशी नाहीच) तिथं ड्युटीवरच्या डॉक्टरनं पहिलं काय विचारलं, तर काकू घरी काही टेन्शन आहे का! गॅसचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या, जा घरी. ईसीजी (छातीला वायरी लावून कागदाच्या पट्टीवर हार्टचा आलेख काढतात तो) काढलाच नाही. याच ठिकाणी माझ्या मिस्टरांना छातीत दुखतं म्हणून नेलं होतं तेव्हा नाव लिहायच्या आधी वायरी लावल्या होत्या, आणि त्यांचा निघाला गॅस.

सकाळी दुसरीकडे नेलं तर हार्टची मोठी नस पूर्ण बंद. स्टेंट टाकला पण तोवर स्नायू मेला होता. आता हार्टचं पंपिंग ३५ टक्के. एक जिना चढले की बसावं लागते, पाण्याची बादली उचलता येत नाही, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही, सून बिचारी नोकरी सांभाळून माझं करून राहिली. कोणी म्हणते वाचलात ना काकू. हो वाचले, पण हे असं.

साहेब, ईसीजी, ईको (हार्टची सोनोग्राफी) हे शब्द मला आत्ता कळले, पण तुमच्या खात्याला तर आधीपासून ठाऊक आहे ना की पाळी जाईपर्यंत बाईला हार्मोनचं थोडं संरक्षण असते आणि नंतर ते जाते? २००४ साली ५२ देशांचा अभ्यास आला, त्यात बायकांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा सरासरी ९ वर्षं उशिरा येतो असं निघालं. उशिरा येतो, येत नाही असं नाही! जगात बायकांच्या दर तीन मरणांतलं एक हार्ट आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं होते. डायबेटिस असला, गरोदरपणात बीपी वाढलं असलं तर धोका आणखी. माझं थोरल्याच्या वेळी वाढलं होतं, त्यानंतर इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरनं ते विचारलं नाही. रक्तातल्या ट्रोपोनिनची (हार्टला इजा झाली की ते वाढते) तर बाईची मर्यादाच पुरुषापेक्षा कमी असते, काही मशीनवर बाईला १६ आणि पुरुषाला ३४, मग एकच आकडा धरून बसलं की बाई नॉर्मल म्हणून घरी.

आणि वरून ऐकवतात की बायका जास्त जगतात. जगतात, सरकारच्या २०१६-२० च्या आकड्यात पुरुष ६८.६ आणि बाई ७१.४ वर्षं. पण ती वरची वर्षं कशी जातात हे कोणी बघते का? गुडघे गेलेले, शुगर, बीपी, नवरा आधी गेलेला, दवाखान्यात न्यायला मुलाची सुट्टी बघायची. औषधांच्या ट्रायल वर्षानुवर्षं पुरुषांवरच जास्त झाल्या, पुस्तकं त्याच्यावर लिहिली, आणि आमचा त्रास वेगळा दिसला की म्हणे नीट सांगता येत नाही बाईला. आम्ही नीटच सांगतो, ऐकणारा कोणी पाहिजे.

दर महिन्याला १५०० रुपये देऊन लाडकी बहीण म्हणता, चांगलं आहे, माझ्या शेजारणीला मिळतात, तिचं घर चालते. पण त्या बहिणीला रात्री २ वाजता घाम फुटला तर ईसीजीच्या कागदाच्या एका पट्टीसाठी तिनं कोणाच्या हातापाया पडायचं? हिवाळी अधिवेशन आलं की रातोरात रस्ते गुळगुळीत होतात, म्हणजे मनात आणलं तर होते सगळं. जागा रिकाम्या, मशीन आहे तर टेक्निशियन नाही, टेक्निशियन आहे तर रोल संपला, आणि जाब विचारला की एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवते. मतदानाच्या रांगेत आम्हीच सकाळपासून उभ्या असतो.

माझं मागणं एवढंच आहे. चाळिशीच्या वरची कोणतीही बाई जबडा, पाठ, घाम, श्वास, मळमळ यातलं काही अचानक घेऊन आली तर दहा मिनिटांत ईसीजी, आधी ईसीजी मग टेन्शनचे प्रश्न. दहा मिनिटांचा नियम पुस्तकात आहेच, तो सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे लेखी आदेशानं लागू करा, पाळला नाही तर कारवाई करा. आणि प्रत्येक आशाताईला ही लक्षणं शिकवा. डिसेंबरात तुम्ही नागपुरात याल, तेव्हा सभागृहात याचं उत्तर द्या. मी टीव्हीवर बघणार आहे.

मानेवाड्यातली एक हार्ट पेशंट