702 च्या टेरेसवरील हॉट टबबाबत समितीस चौथे पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

विषय: सदनिका क्र. 702 च्या टेरेसवरील हॉट टबचे वजन, गळती, रात्रीचा आवाज आणि पाण्याचा निचरा
संदर्भ: माझी नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्चमधील पत्रे (तिन्हींची पोच माझ्याकडे आहे)

मा. अध्यक्ष साहेब,

सप्रेम नमस्कार.

तीन पत्रांवर समितीकडून एकच उत्तर मिळाले, तेही लिफ्टपाशी तोंडी: "त्यांच्या टेरेसवर त्यांनी काय ठेवायचं हा त्यांचा प्रश्न आहे." म्हणून हे चौथे पत्र, या वेळी आकड्यांसह.

टब काढून टाका असे मी पहिल्या पत्रातही म्हटले नव्हते, आजही म्हणत नाही. 38 अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसले की दुखऱ्या गुडघ्यांना आणि पाठीला आराम पडतो. 702 मधल्या आजींना त्याचा उपयोग होत असेल तर चांगलेच आहे. पण टबाची किंमत एकदा भरून भागत नाही. वीज, रसायने, फिल्टर, निचरा हे सगळे कायम मागे लागते. 702 ते करत नाहीत आणि त्याचा त्रास खालच्या मजल्याला व संस्थेला होतो.

वजनापासून सुरुवात करतो. टब दोन मीटर बाय दोन मीटर. रिकामा सुमारे 300 किलो, आत 1,200 लिटर म्हणजे 1,200 किलो पाणी, आणि चार माणसे बसली की आणखी 280. एकूण 1,780 किलो, म्हणजे दर चौरस मीटरला 445 किलो. भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी 200 किलोच्या आसपास भार धरला आहे, बाल्कनीसाठी 300 आणि वापरातल्या गच्चीसाठी 150. स्लॅब उद्याच पडेल असे मी म्हणत नाही. पण त्यावर आधीच ब्रिकबॅट कोबा (पाणी मुरू नये म्हणून घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) आहे, त्याचेही वजन आहे, आणि हा टब बीमपासून दूर, स्लॅबच्या मधोमध ठेवला आहे. तो बीमलगत सरकवला, किंवा खाली लोखंडी चौकट घालून भार दोन्ही बीमवर नेला, तर प्रश्न सुटू शकतो. ते परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी सांगायला हवे. आदर्श उपविधींप्रमाणे समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सदनिकेत भर घालता येत नाही. याच नियमावर बोट ठेवून समितीने 403 ला खिडकीची जाळी काढायला लावली होती.

दुसरी गोष्ट ओलीची. माझ्या बेडरूमच्या छताला पहिला डाग जानेवारीत दिसला. पुण्यात जानेवारीत पाऊस नसतो. पावसाच्या गळतीचा खर्च संस्थेचा असतो, पण ही गळती पावसाची नाही, तेव्हा सचिवांनी "पावसाळ्यानंतर बघू" म्हणण्यात अर्थ नाही. टबच्या पंपाच्या आणि हीटरच्या युनियनमधली (पाइपाच्या जोडातली) रबर रिंग कडक झाली, किंवा पंपाच्या शाफ्टचे सील गेले, की थेंब पडू लागतो. पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप) 7.2 च्या खाली राहिला, म्हणजे पाणी आम्लतेकडे झुकले, तर ही सीले लवकर खराब होतात. तासाला एक लिटर गळले तरी दिवसाला 24 लिटर होतात. ते पाणी टबच्या पॅनेलआड, कोब्यावर मुरत राहते आणि वरून पाहणाऱ्याला टाइल कोरडी दिसते. याची परीक्षा फुकटात होते. टबच्या आतल्या पायरीवर त्याच पाण्याने भरलेली बादली ठेवायची, बादलीत आणि टबात पातळीची खूण करायची, पंप बंद करून झाकण उघडे ठेवायचे आणि 24 तासांनी बघायचे. दोन्हीकडे सारखे उतरले तर बाष्पीभवन, टबात जास्त उतरले तर गळती. हे मी मार्चच्या पत्रात लिहून दिले होते. कुणी बादली ठेवली नाही.

आता आवाज. झोप आमची जाते म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहितो. टबचा पंप दिवसातून दोनदा आपोआप फिल्टरसाठी चालतो. बऱ्याच जुन्या कंट्रोल पॅनेलांत पहिली फेरी वीज आल्यावर काही मिनिटांनी सुरू होते आणि दुसरी बारा तासांनी. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, दुपारी दोनच्या सुमारास येते, आणि त्या रात्रीपासून पंप रात्री दोनला घुमू लागतो. तो पुढच्या गुरुवारपर्यंत तसाच चालतो. उपाय असा: सकाळी दहाला टबचा एमसीबी (विजेचा सुरक्षा स्विच) बंद करून पुन्हा चालू करायचा आणि दुसरी फेरी पॅनेलवरून रद्द करायची. पाच मिनिटांचे काम आहे. त्यात फिल्टर कार्ट्रिज आठवड्याला धुतला जात नसावा. तो तुंबला की पाणी कमी येते, पंप हवा ओढतो आणि गुरगुरतो. धुणे आठवड्याला, रसायनात भिजवणे महिन्याला, बदलणे वर्षाला, असा साधारण क्रम असतो. पंपाखाली रबरी पॅडही नाहीत, त्यामुळे कंप थेट स्लॅबमधून येतो. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा 45 डेसिबल आहे. 601, 603 आणि 502 मधल्या मंडळींनाही आवाज येतो. सही द्यायला ती संकोचतात, पण त्यांचे मत माझ्यासारखेच आहे.

विजेबद्दल थोडक्यात. 1,200 लिटर पाणी 26 वरून 39 अंशांवर न्यायला 18 युनिट लागतात, म्हणजे 3 किलोवॅटच्या हीटरला सहा तास. बिल त्यांचे, आणि 500 युनिटच्या पुढचा दर सगळ्यात चढा असतो, तो त्यांनी भरावा. पण हीटर 13 अँपिअर आणि जेटचा पंप साडेसहा, असे जवळपास 20 अँपिअर टेरेसवरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर चालले आहेत. स्वतंत्र 32 अँपिअरचा एमसीबी, 6 चौरस मिमीची तांब्याची वायर, चांगले अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), याशिवाय पाण्यात माणसे बसवणे मला भीतीचे वाटते. त्यांच्या घरातल्या मुलांसाठीही.

सर्वांत गंभीर बाब निचऱ्याची आहे. रोज दोघे बसत असतील तर असे पाणी साधारण 50 दिवसांत बदलावे लागते. 702 ते टेरेसच्या पावसाळी पाइपात सोडतात. तो पाइप आपल्या पुनर्भरण खड्ड्यात जातो आणि तिथून बोअरवेलला. उन्हाळ्यात आपण टँकर मागवतो आणि त्याच बोअरवेलमध्ये क्लोरीन, साबण आणि अंगाचे तेल मिसळलेले 1,200 लिटर पाणी सोडू देतो. क्लोरीनसकट ते एकदम एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) सोडले तर तिथले जिवाणू मरतात, म्हणून तेही नको. दोन दिवस क्लोरीन न घालता झाकण उघडे ठेवावे, टेस्ट स्ट्रिपवर क्लोरीन शून्य दिसले की पाणी पार्किंग धुवायला वापरावे, उरलेले बाथरूमच्या नहाणीत हळूहळू सोडावे.

आणि तो उग्र वास. "भरपूर क्लोरीन घालतो, म्हणून वास येतो," असे 702 म्हणतात. तसे नसते. घाम आणि तेलाशी क्लोरीन बांधला गेला की तो वास येतो, म्हणजे मोकळा क्लोरीन कमी पडतो आहे. मोकळा क्लोरीन किमान 3 पीपीएम (दहा लाख भागांत 3 भाग) आणि पीएच 7.2 ते 7.8 हवा, आणि बसण्याआधी दर वेळी तपासायला हवा. गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतो, मग अंगावर पुरळ आणणारे जंतू वाढतात. स्विमिंग पूलच्या तीव्र आम्लधर्मी गोळ्या यात टाकू नयेत, टबचे अ‍ॅक्रिलिक आणि हीटर दोन्ही खराब होतात.

तक्रारीवर पुढच्याच बैठकीत निर्णय घेऊन तो नंतर 15 दिवसांत कळवावा, असे उपविधी सांगतात. माझी पहिली तक्रार नोव्हेंबरची आहे. या रविवारच्या बैठकीत 702 ला पावसाळी पाइपात पाणी न सोडण्याची आणि रात्रीची फेरी बंद ठेवण्याची लेखी सूचना द्यावी, बादलीची परीक्षा समितीच्या एका सदस्यासमोर करावी, आणि इंजिनिअरचा दाखला येईपर्यंत टब रिकामा ठेवायला सांगावे. दाखल्याचा, आणि गळती टबची निघाली तर माझ्या छताचा खर्च 702 ने करावा. बादली मी देतो.

निर्णय लेखी न मिळाल्यास हेच पत्र उपनिबंधक कार्यालयात द्यावे लागेल.

कळावे,
आपला,
सभासद, सदनिका क्र. 602