‘परोकियल’चा अर्धाच प्रवास

‘परोकियल’ या इंग्रजी शब्दावरचे टिपण रविवारच्या पुरवणीत वाचले. ‘पॅरिश’ म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्ती आणि तिच्यापलीकडे न पाहणारा तो परोकियल, ही व्युत्पत्ती बरोबर आहे; पण ती पॅरिशपाशीच थांबवणे पटले नाही. मूळ ग्रीक शब्द ‘पारोइकोस’. ‘पारा’ म्हणजे जवळ, ‘ओइकोस’ म्हणजे घर. घराशेजारी राहणारा आणि पुढे परक्या मुलखात नागरिकाच्या हक्कांविना राहणारा. बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात अब्राहाम पत्नीच्या दफनासाठी जागा मागताना हित्ती लोकांना स्वतःची ओळख याच शब्दाने करून देतो. आरंभीचे ख्रिस्ती स्वतःला या जगातले उपरे समजत; त्यांच्या समुदायाच्या ‘पारोइकिया’ या नावातूनच लॅटिन आणि फ्रेंचमार्गे पॅरिश आला.

उपऱ्यांचे हे नाव संकुचितपणाला चिकटले कसे, हे सांगायला हवे होते. इंग्लंडमध्ये १६०१च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भार पॅरिशवर पडला. पुढे १६६२च्या कायद्याने, नव्याने आलेला गरीब माणूस भार होईल असे वाटल्यास, ४० दिवसांच्या आत तक्रार करून त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडण्याची मुभा मिळाली. ‘संकुचित वृत्तीचा’ हा अर्थ रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात. त्यामागे माणसांच्या स्वभावाइतकाच कराचा आणि कायद्याचा हात होता, असे मला वाटते. तो भाग पुढच्या टिपणात यावा, ही विनंती.

— एक वाचक, ठाणे