हजेरी कोणत्या वहीतून घ्यायची?

महोदय,

दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना आला की आपल्या वाचकांच्या सदरात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांची पत्रं आणि फोटो झळकू लागतात. व्यासपीठावर शाली पांघरून ओळीने बसलेले सर आणि बाई, समोर पन्नाशी ओलांडलेली 'मुलं'. वाचायला गोडच वाटतं. पण ज्यांची हयात शाळेच्या कार्यालयात दाखले लिहिण्यात गेली, त्यांना त्या फोटोतली एक उणीव चटकन दिसते. माईकवर ज्यांच्या खोड्यांचे किस्से रंगवून सांगितले जातात, ती मागच्या बाकावरची मंडळी हॉलमध्ये नसतातच. त्यांना बोलावलेलंच नसतं, कारण यादी चुकीच्या कागदावरून केलेली असते.

बहुतेक गट शाळेकडे 'आमच्या बॅचची दहावीच्या निकालाची यादी' मागतात. ती मिळायला सोपी असते. बोर्डाकडून आलेलं निकालपत्रक बैठक क्रमांकाने लावलेलं असतं, त्यावरून दहा मिनिटांत नावं उतरवून होतात. पण त्यात फक्त परीक्षेला बसलेले सापडतात. नववीत नापास होऊन शाळा सुटली, वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला, आठवीत लग्न झालं, अशांचा त्यात मागमूस नसतो. आणि फळ्यावर मेणबत्ती कुणी घासली होती, असं विचारलं तर उत्तर बहुधा याच नावांत निघतं.

(मेणबत्तीचं सांगायचं तर, खडू फळ्यावर उठतो तो फळ्याच्या खरखरीतपणामुळे. मेणाने ती खरखर बुजते आणि खडू नुसता घसरतो. सर दुसरा खडू घेतात, तिसरा घेतात, तोवर वर्गाला हसू आवरत नाही. ओल्या फडक्याने मेण जात नाही, शिपायाला रॉकेलचा बोळा फिरवावा लागतो आणि मग तो तास वासातच जातो.)

तेव्हा यादी करायची ती जनरल रजिस्टरवरून. शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येकाची नोंद त्यात असते आणि ते कायमचं दप्तर आहे. हजेरीपट ठरावीक वर्षांनी रद्दीत जातात, जनरल रजिस्टर जात नाही. अडचण अशी की त्यातली नावं वर्गवार नसतात, प्रवेशाच्या क्रमाने असतात. १९८६ ला दहावी झालेल्या तुकडीची नावं हवी असतील आणि शाळा पाचवीपासूनची असेल, तर जून १९८० पासूनची पानं चाळावी लागतात. एखादं वर्ष मागे राहून या वर्गात आलेल्यांसाठी १९७९ चीही. आठवीपासूनची शाळा असेल तर जून १९८३ पासून. मग उजवीकडचे रकाने पाहायचे : शाळा सोडल्याचा दिनांक, त्या वेळची इयत्ता, सोडण्याचं कारण. 'सतत गैरहजर, नाव कमी केले' असा शेरा दिसला की थांबायचं. ज्याला शोधायचं तो हाच. शंभर-सव्वाशे नावांना दोन माणसांच्या दोन दुपारी पुरतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. एकटा माणूस करायला बसला की ओळ चुकते आणि एकाचं नाव दुसऱ्याच्या गावाला चिकटतं.

१९७५ च्या मंडळींनी आणखी एक जपावं. दहावीची नवी शालान्त परीक्षा त्या वर्षी सुरू झाली आणि जुन्या अकरावीचे विद्यार्थीही त्याच सुमारास बाहेर पडले. 'पंच्याहत्तरची बॅच' म्हणजे नक्की कोणती, हे अर्जात लिहिलं नाही तर हमखास दुसऱ्याच वर्गाची यादी हातात पडते.

इथे एक कळकळीचं सांगणं. रजिस्टरच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढू नका आणि कुणी काढलाच तर तो गटावर टाकू देऊ नका. त्या पानावर जात असते, जन्मतारीख असते, शाळा सोडण्याचं कारण असतं. हौसेने टाकलेल्या एका फोटोमुळे चाळीस वर्षं शेजारी बसलेल्यांत अबोला आल्याची उदाहरणं आहेत. नाव, वडिलांचं नाव, गाव एवढंच हाताने उतरवून घ्यावं. जन्मतारखांचा तसा उपयोगही नाही. खेड्यातल्या शाळांत निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला असतो. पहिलीत नाव घालताना आईला तारीख सांगता आली नाही की गुरुजींनी १ जून लावायची, ही रीतच होती, आणि हायस्कूलने तीच पुढे चालवली.

यादी तयार झाली की पुढचा प्रश्न सरांना शोधण्याचा. १९८६ ला चाळिशीत असलेले सर आज ऐंशीच्या घरात आहेत. रयत शिक्षण संस्थेसारख्या अनेक शाखांच्या संस्थेत नोकरी झाली असेल तर बदल्या होत होत ते तिसऱ्याच जिल्ह्यात निवृत्त झालेले असतात. जुन्या शाळेत त्यांचा पत्ता मिळेलच असं नाही. माध्यमिक शिक्षकांच्या पतसंस्थेत विचारावं. निवृत्तिवेतनधारक नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत येतात, त्याचाही उपयोग होतो. बँक पत्ता देणार नाही आणि देऊही नये, पण आपला फोन नंबर घातलेलं बंद पाकीट शाखेत ठेवायला कुणी सहसा हरकत घेत नाही.

मेळाव्याच्या दिवशी सर्वांत रंगते ती हजेरी, आणि बिघडतेही तीच. सूत्रसंचालकाने भराभरा नावं वाचली तर तिचा सगळा जीव जातो. वर्गशिक्षकांनीच वाचावी, बसून वाचावी. कागदावरची अक्षरं किमान १८ पॉइंटची हवीत, ओळींत बोटभर जागा हवी. आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, हा हजेरीचा क्रम मोडू नका, सरांच्या जिभेवर तीच लय बसलेली असते. मुलींची माहेरचीच नावं ठेवा, सासरचं नाव पुढे कंसात चालेल. एकाच आडनावाची दहा मुलं असतील तर पुढे वाडीचं नाव लिहा. वर्गातही 'खालच्या आळीचा' आणि 'मळ्यातला' असाच फरक केला जायचा. जी मुलं आता हयात नाहीत, त्यांच्या नावापुढे पेन्सिलने बारीक फुली करून ती सरांना आदल्या दिवशी दाखवून ठेवावी. नाव वगळू नये. ही खबरदारी घेतली नाही तर सर नाव पुकारतात, उत्तराची वाट पाहत चष्म्यावरून वर बघतात आणि कुणीतरी खालच्या आवाजात काहीतरी सांगतं. त्या क्षणानंतर पुढची हजेरी सावरत नाही. फुली आधी पाहिलेली असली की सर नाव घेतात, क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. आणि गैरहजर मित्राच्या नावाला आवाज बदलून 'हजर' म्हणणारा एक तरी निघतोच. सरांना ते तेव्हाही कळायचं, आताही कळतं.

छडीचं मात्र पुरे करा. सरांच्या हाती वेताची छडी द्यायची, पोट सुटलेल्या उद्योजकाने हात पुढे करायचा, कुणीतरी अंगठे धरून उभं राहायचं आणि फोटो काढायचा, ही टूम निघाली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. त्याआधी ज्यांनी मार खाल्ला, त्यांतले सगळेच त्यावर हसू शकत नाहीत. रजिस्टरमधल्या काही 'सतत गैरहजर' शेऱ्यांमागे ती छडीच असते. अशा एखाद्याला चाळीस वर्षांनी बोलावून पुन्हा तेच दाखवणार असाल तर निमंत्रण न दिलेलं बरं.

सत्कार वीस मिनिटांत आटपा. आठ शिक्षक असतील तर सत्कारानंतर एकेकाला पाच मिनिटं बोलू द्या, पण 'आमच्याविषयी दोन शब्द' सांगायला लावू नका, त्यातून ठरावीक आशीर्वादच निघतात. भूमितीच्या सरांच्या हाती खडू द्या आणि कंपासशिवाय वर्तुळ काढायला सांगा. खडू आधी मोडून अर्धा करून ठेवा, अख्खा खडू लांब धरला की थरथरतो आणि किंचाळतो. मराठीच्या बाईंना आठवीची कविता म्हणायला सांगा. हे ध्वनिमुद्रित करायचं तर हॉलमध्ये नको, तिथे कर्ण्याचा आवाज घुमतो. सकाळी एखाद्या वर्गात पंखा बंद करून, फोन विमान मोडवर टाकून त्यांच्यापासून वीतभर अंतरावर ठेवा. खुर्ची हाताची हवी आणि व्यासपीठावर नव्हे, जमिनीवर. जेवण साडेबाराच्या आत. मधुमेहाच्या गोळ्या घेतलेली माणसं दोनपर्यंत भाषणं ऐकत बसू शकत नाहीत.

शालींऐवजी वर्गाच्या जुन्या फोटोची मोठी प्रत द्यावी, खाली सगळ्यांची नावं छापून. मूळ फोटो काचेला चिकटला असेल तर सोलू नका, दमट हवेत त्याचा वरचा थर फुगून काचेला धरतो आणि ओढला की चेहरेच निघून येतात. काचेसकट, बाजूच्या उजेडात फोटो काढावा. सुटा असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करावा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचे वळ पुढून उमटतात. फोटोतही दहावीच्या आधी गळालेले नसतातच, म्हणून आठवी-नववीच्या सहलीचा किंवा स्नेहसंमेलनाचा फोटो कुणाकडे आहे का, ते आधी विचारावं.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्यावा, जून-जुलै सोडून. त्या दोन महिन्यांत प्रवेश आणि दाखल्यांमुळे कार्यालयाला मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीत मेळावा असेल तर ऑगस्टमध्ये अर्ज हवा. त्यात इयत्ता, तुकडी, कोणत्या जूनमध्ये प्रवेश आणि कोणत्या मार्चमध्ये परीक्षा, हे स्पष्ट लिहावं. 'आमच्या बॅचची माहिती मिळावी' एवढीच ओळ असलेला अर्ज टेबलावर पेपरवेटखाली पडून राहतो.

– एक निवृत्त शालेय लिपिक, सातारा जिल्हा