एका हिस्टिडीनसाठी दिलेल्या दोन तासांबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आपले नाव येईलच, पण तिथे एका ओळीपलीकडे जागा नसते आणि आपण नेमके काय केलेत हे त्या ओळीतून कुणालाच कळणार नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

दोन प्रथिने एकमेकांना जिथे चिकटतात ती जागा संगणकावर तपासण्याचे माझे काम सहा महिने अडून बसले होते. रचना प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या जाहीर संग्रहातून घेतलेली, क्ष-किरणांनी चांगल्या स्पष्टतेने ठरवलेली, आणि तरीही सिम्युलेशन, म्हणजे अणूंच्या हालचालींची संगणकावरची नक्कल, सुरू केले की ३० नॅनोसेकंदांच्या आसपास ती दोघे सुटू लागत. २ फेम्टोसेकंदांचे एक पाऊल धरले तर १०० नॅनोसेकंदांसाठी ५ कोटी पावले मोजावी लागतात. ती मी चार वेळा मोजून घेतली, फोर्स फील्ड (अणूंमधली बले ठरवणारी सूत्रे) बदलले, पाण्याचे मॉडेल बदलले, आणि शेवटी मूळ रचनेवरच संशय घेऊ लागले.

आपण मात्र माझे आलेख मागितलेच नाहीत. संपर्काच्या जागी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल आहे का आणि त्याचा हायड्रोजन कुठल्या नायट्रोजनवर आहे, एवढेच विचारलेत. मला उत्तर देता आले नाही, कारण तो हायड्रोजन मी ठेवलाच नव्हता, प्रोग्रामने ठेवला होता. क्ष-किरणांच्या बहुतेक रचनांमध्ये हायड्रोजन दिसत नाहीत, ते नंतर भरावे लागतात. आणि हिस्टिडीनच्या कड्यात डेल्टा आणि एप्सिलॉन असे दोन नायट्रोजन असल्याने डेल्टावर, एप्सिलॉनवर किंवा दोन्हींवर (तेव्हा धनभार येतो) असे तीन पर्याय उरतात. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर दोन्ही हायड्रोजन असतात तो आकडा, ६ च्या आसपास असतो, त्यामुळे पेशीतल्या जवळपास उदासीन वातावरणात त्याच्यावर भार येतो की नाही हे बरेचसे शेजाऱ्यांवर ठरते. आपण ती जागा पडद्यावर मोठी करून दाखवलीत. एप्सिलॉन नायट्रोजनसमोर दुसऱ्या प्रथिनातील ॲस्पार्टेट या अमिनो आम्लाचा ऋणभारित ऑक्सिजन होता, जेमतेम २.८ अँगस्ट्रॉमवर, आणि दोघांना बांधून ठेवणारा हायड्रोजनच मध्ये नव्हता. तो प्रोग्रामने पलीकडच्या डेल्टावर ठेवला होता. डेल्टाच्या समोरही मुख्य साखळीचा ऑक्सिजन असल्याने आपण दोन्हींवर हायड्रोजन द्यायला सांगितलेत. एकाच सिम्युलेशनवर विसंबणे म्हणजे एकदाच केलेल्या प्रयोगावर विसंबणे, असे म्हणून आरंभीचे वेग बदलून तीन वेळा ते चालवायलाही लावलेत. तिन्ही वेळा पकड शेवटपर्यंत टिकली.

त्याच बैठकीत आपण माझे दुसरे मॉडेल पाहिलेत, आणि त्याचे आभार मी खरे तर आधी मानायला हवे होते. ते अल्फाफोल्डने, म्हणजे प्रथिनांच्या आकाराचा अंदाज बांधणाऱ्या एआय प्रोग्रामने, दिलेले होते. दोन्ही साखळ्यांचा, म्हणजे दोन्ही प्रथिनांचा, विश्वासांक १०० पैकी ९० च्या वर असल्याने त्यांच्यामधला सांधाही बरोबरच असणार असे मी धरून चालले होते. प्रथिनाचा स्वतःचा आकार बरोबर असला तरी दोन प्रथिने एकमेकांसमोर कशी उभी आहेत याची हमी त्या आकड्यात नसते, हे आपण सापेक्ष त्रुटीचा नकाशा (एका भागाची जागा दुसऱ्याच्या तुलनेत किती चुकू शकते हे दाखवणारा) उघडून दाखवलेत. दोन साखळ्यांमधला सगळा भाग तिथे मोठी त्रुटी दाखवत होता. तो सांधा मी शोधनिबंधातून काढून टाकला. एरवी तो छापला गेला असता. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडलेला, प्रथिनाच्या मुख्य साखळीतल्या कोनांचा आलेख आपण आजही कुठल्याही नव्या मॉडेलसाठी सर्वांत आधी काढता, ही सवयही मी आपल्याकडूनच उचलली आहे.

आपण माझ्या मार्गदर्शक नाही, माझ्या विभागातल्याही नाही, आणि सहलेखक म्हणून नाव घालू का असे विचारले तेव्हा आपण स्पष्ट नकार दिलात. ते दोन तास आपल्या स्वतःच्या कामातून काढलेले होते.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतून निकाल आला. त्या हिस्टिडीनच्या जागी ॲलॅनिन हे लहान, भार नसलेले अमिनो आम्ल घातल्यावर दोन प्रथिनांची पकड स्पष्टपणे ढिली झाली आहे. हे आपल्याला सर्वांत आधी कळावे असे मनापासून वाटले.

आपली कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थिनी