मेडिएशन ऑनलाईन करा, पण आधी आम्हाला विचारा

मा. संपादक,
स. न.

नवरा-बायकोच्या केसेसचं मेडिएशन, म्हणजे दोघांना बोलतं करून आपसात तोडगा काढायचा प्रयत्न, ऑनलाईन का होत नाही असा विषय निघाला की बोट आमच्याकडेच येतं, की स्टाफलाच नकोय, मेडिएटर आणि समुपदेशक जुन्या वळणाचे आहेत, त्यांना कॉम्प्युटर जमत नाही वगैरे. मी एका जिल्हा कोर्टात मेडिएटर आहे आणि हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण यूपीआयने भाजी घेणारी माणसं आहोत आम्ही, मशीनला कोण घाबरतंय?

भीती वेगळीच आहे. कोर्टात मी बायकोला एकटीला घेऊन बसते, दार लावून घेते, दहा मिनिटं ती नुसती पदराशी चाळा करते आणि मग हळूहळू खरं बोलायला लागते. व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर, तीच बाई माहेरच्या हॉलमधे फोन धरून बसलेली असते, मी पोटगीचं विचारलं की बोलायच्या आधी तिची नजर फोनच्या वर जाते, म्हणजे समोर कोणीतरी उभं आहे, भाऊ असेल नाहीतर वडील, आणि मग "तुम्ही म्हणाल तसं मॅडम" असं उत्तर येतं जे तिचं नसतंच. तिकडे नवरा दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग करतोय का तेही मला दिसत नाही. कायद्यात रेकॉर्डिंगला मनाई आहे पण त्याच्या खोलीत बघणार कोण?

सुप्रीम कोर्टातसुद्धा यावर एकमत नव्हतं. 2017 च्या मार्चमधे कृष्णवेणी नागम केसमधे व्हीसीला वाट करून दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमधे संथिनी केसमधे तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी सांगितलं की समेटाचे प्रयत्न चालू असताना व्हीसी नको, ते फसले आणि दोघांनी मिळून मागितलं तर पुढे बघता येईल. न्या. चंद्रचूड यांचं मत मात्र वेगळं होतं, त्यांना व्हीसी हवी होती. मग कोविड आला, सगळ्यांनाच स्क्रीनवर बसावं लागलं, आणि 2023 च्या मध्यस्थता कायद्यात कलम 30 आलं, त्यात दोन्ही बाजूंची लेखी संमती असेल तर मेडिएशन ऑनलाईन करायची तरतूद आहे.

आणि मला ते हवंय, हे स्पष्ट सांगते. नवरा दुबईला, बायको इकडे तालुक्याच्या गावी, त्याला रजा नाही आणि तिला एसटीने येऊन तारीख घेऊन परत जायचं, यात वर्षं जातात. मार खाल्लेल्या बाईला त्याच माणसासोबत कोर्टाच्या एकाच बाकड्यावर बसून पुकाऱ्याची वाट बघावी लागते ते तर बघवत नाही. आमच्यातल्या एक सिनियर मॅडम व्हीसीच्या कट्टर विरोधात होत्या, मग मर्चंट नेव्हीतल्या एका बापाची मुलाच्या भेटीची केस त्यांच्याकडे आली, तो जहाजावर, बाई कोर्टात, आणि सुट्टीतल्या भेटी, वाढदिवसाचा व्हिडिओ कॉल सगळं तिथेच ठरलं. आता त्या स्वतःच विचारतात की ही केस व्हीसीवर घेऊया का. जीआर काढून जे झालं नसतं ते एका केसने झालं.

कोर्टाचं काम कॉम्प्युटरवर आणायच्या ईकोर्ट योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने 7,210 कोटी मंजूर केलेत, चांगलंच आहे. पण आम्ही 40 तासांचं ट्रेनिंग घेतलं त्यात कोणाला कुठे बसवायचं, खुर्च्या कशा लावायच्या इथपर्यंत शिकवलं आणि स्क्रीनवर रडणाऱ्या माणसाला कसं थांबू द्यायचं याबद्दल एक शब्द नव्हता. मधेच नेट गेलं तर धावत येणारा टेक्निशियनही नाही, पार्टीला वाटतं मॅडमनी कॉल कट केला.

माझं म्हणणं एवढंच की पार्टीने घरून जॉईन होण्याऐवजी जवळच्या तालुका विधी सेवा समितीच्या ऑफिसात बसावं, एक बंद खोली आणि चांगलं नेट द्या, आणि खोलीत ती एकटीच आहे हे तिथल्या क्लार्कने बघून आम्हाला सांगावं. मारहाणीची केस असेल तर ऑनलाईन घ्यायची का समोरासमोर का घ्यायचीच नाही, हे त्या बाईला विचारून मेडिएटरलाच ठरवू द्या, महिन्याला इतक्या केसेस ऑनलाईन झाल्याच पाहिजेत असं टार्गेट वरून पाठवू नका.

एक मेडिएटर, सोलापूर