कमरेला अडकवायचे डास-यंत्र आणि मलेरिया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी कमरपट्ट्याला अडकवायचे, काडेपेटीएवढे डास पळवणारे यंत्र 280 रुपयांना घेतले. बटण दाबले की निळा दिवा लागतो आणि माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने डास पळून मलेरियापासून संरक्षण मिळते, असे खोक्यावर छापले आहे. तिन्हीसांजेला ते लावून बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसलो, तर अर्ध्या तासात घोट्यांवर सात गांधी उठल्या आणि एक डास थेट त्या निळ्या दिव्याशेजारीच येऊन टेकला.

एका संध्याकाळच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये, हे मान्य. पण ध्वनीवर चालणाऱ्या अशा यंत्रांच्या 10 क्षेत्रीय चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने 2007 मध्ये प्रसिद्ध केला असून, अंगावर बसणाऱ्या डासांची संख्या त्यांपैकी एकाही चाचणीत घटली नव्हती. डास पळवणारी औषधे विकायची तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी करावी लागते. हे यंत्र मात्र औषध नसून नुसता आवाज असल्याने त्या चाळणीतून सुटते.

सुटसुटीत साधने सगळीच फसवी आहेत, असे मला म्हणायचे नाही. ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा मेटोफ्लुथ्रिन ही डासांवरची औषधे हवेत सोडणारी साधने आडोशाच्या जागी उपयोगी पडतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2025 मध्ये अशा साधनांची शिफारस केली आहे, पण ती मच्छरदाणी आणि फवारणी यांना पूरक म्हणून, त्यांच्याऐवजी नव्हे. उघड्यावर वारा सुटला की औषध उडून जाते. डीट हे डास पळवणारे रसायन असलेले मलम अंगाला नीट चोळले तर काही तास तरी खात्री असते.

माझी खरी काळजी 280 रुपयांची नाही. आमच्या वाड्यालगत एका इमारतीचे काम चालू आहे आणि तिथल्या रखवालदाराच्या गळ्यात मला हेच यंत्र दिसले. हे मिळाल्यापासून मच्छरदाणी गुंडाळून ठेवली आहे, असे त्याने सहज सांगितले. त्याच्या डोक्यावर स्लॅब पक्का व्हावा म्हणून बांध घालून साठवलेले पाणी, खाली झाकण नसलेली टाकी. शहरी मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टिफेन्सी हा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत 8 ते 10 दिवस पुरतात. म्हणजे स्लॅबवर दोन आठवडे पाणी ठेवले की एक पिढी सहज बाहेर पडते. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत मलेरिया फोफावला तेव्हापासून बांधकामे आणि ताप यांचे नाते गोव्याला नवीन नाही.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करता येते. तेव्हा खोक्यावर मलेरियाचे नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या या यंत्रांची संबंधित खात्याने तपासणी करावी, आणि बांधकामाच्या जागी झोपणाऱ्या प्रत्येक कामगाराला औषध लावलेली मच्छरदाणी देणे कंत्राटदारावर बंधनकारक करावे, अशी विनंती आहे. माझे यंत्र मी खोक्यासकट जपून ठेवले आहे. खात्याला हवे असल्यास ते आणून देण्यास मी तयार आहे.

आपला,
एक वाचक, म्हापसा