शुक्रावर काय पिकतं?

अहमदाबाद, रविवार दुपार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "शुक्रावर यान पाठवायला एवढा खर्च कशाला?" असं विचारलंत, मी तुम्हाला "माणशी नऊ रुपयेसुद्धा पडत नाहीत" असं ऐकवलं आणि तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणालात. तुमचं ते "बरं" मला चांगलं कळतं. म्हणून आज कागद घेऊन बसलेय. फोनवर तुमचं बोलणं पुरतं व्हायच्या आत मला उत्तर द्यायची घाई होते.

हिशेब चुकला नव्हता. शुक्राच्या मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये १,२३६ कोटी रुपये मंजूर झाले, त्याला एकशे चाळीस कोटी माणसांनी भागलं की पावणेनऊ येतात. पण असं भागून काहीही स्वस्त करून दाखवता येतं. गावातल्या प्रत्येक आगरातून कुणी एकेक सुपारी उचलली तर कुणाचंच काही जात नाही, पोतं मात्र भरतं. आणि ते पोतं कुणाच्या ओटीवर गेलं, हे तुम्ही विचारणारच. तेव्हा ते नऊ रुपये मी मागे घेतले.

ओटीवर सुपारी सोलताना कुणीतरी "लेक शुक्रावर काय पिकवणार?" असं विचारलं आणि तुम्हीही सगळ्यांबरोबर हसलात, हे आईने सांगितलं. (आई, तू सांगितलंस हे त्यांना कळलं आता. माफ कर.) त्या माणसाला सांगा, काही पिकत नाही. तिथे जमिनीवर साडेचारशे अंशांच्या वर तापमान आहे आणि हवेचा दाब आपल्या नव्वद पट. शिसंसुद्धा वितळेल.

मला आधी वाटलं होतं, तुम्हाला निसर्ग वादळाची आठवण करून द्यावी. ३ जून २०२०. लॉकडाऊनमुळे मी इथे खोलीत अडकलेली, समोर लॅपटॉपवर इन्सॅट-३डी उपग्रहाचे फोटो. दर अर्ध्या तासाने नवा फोटो यायचा आणि तो पांढरा भोवरा श्रीवर्धनच्या दिशेने बोटभर सरकलेला असायचा. दुपारी किनाऱ्याची रेघच त्याच्याखाली गेली. आपलं घर त्या पांढऱ्यात नेमकं कुठे, हे मी पडद्यावर नखाने दाखवू शकले असते. त्यानंतर आठ दिवस तुमचा फोन नाही. आदल्या रात्री आई तुम्हाला ओढून शाळेत घेऊन गेली नसती तर, बाबा, पडवीचं आढं ज्या खाटेवर पडलं त्या खाटेवर तुम्ही असता. २००९ च्या फयान वादळाच्या वेळी आपल्या किनाऱ्यावरच्या किती होड्या परत आल्या नाहीत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पण हे उत्तर म्हणून दिलं तर ती लबाडी होईल. तो उपग्रह ढग बघायलाच पाठवलेला आहे, त्याच्यावर तुमचा राग कधीच नव्हता. तुम्ही विचारताय ते शुक्राबद्दल.

आमच्या अवकाशवाल्यांकडे भाषणात असा प्रश्न आला की, भारताचं अवकाशाचं काम ज्यांनी सुरू केलं त्या विक्रम साराभाईंचं एक प्रसिद्ध वाक्य काढतात. तंत्रज्ञान सामान्य माणसाच्या खऱ्या प्रश्नांना लावलं पाहिजे, अशा अर्थाचं. त्याच्याच आधी ते असंही म्हणाले होते की चंद्र, ग्रह किंवा माणूस अवकाशात पाठवण्यात श्रीमंत देशांशी स्पर्धा करायची स्वप्नं आम्ही बघत नाही. हा भाग सोयीने गाळतात. म्हणजे साराभाई तुमच्या बाजूचे निघाले. हे मला कळलं तेव्हा दोन दिवस मी जरा गप्पच होते.

तर मी इथे करते काय? शुक्र स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस घेतो, आणि त्याचे वरचे ढग मात्र चार दिवसांत त्याच्याभोवती फेरी मारतात. असं का, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. जपानचं अकात्सुकी नावाचं यान २०१० मध्ये शुक्रापाशी पोचलं, ऐन वेळी इंजिनाने दगा दिला आणि ते पुढे निघून गेलं. पाच वर्षं सूर्याभोवती फिरवून २०१५ च्या डिसेंबरात त्यांनी ते पुन्हा आणून कक्षेत बसवलं. त्याचेच फोटो मी रोज बघते. पाच वर्षं वाट बघायची, हे पोफळ लावणाऱ्याला काय सांगायचं!

अमेरिकेत जेम्स हॅन्सन नावाचे शास्त्रज्ञ आहेत. त्यांची सुरुवात शुक्राच्या ढगांपासून झाली. शुक्र इतका तापलाय तो त्याच्याभोवतीच्या कार्बन डायऑक्साइडच्या जाड गोधडीमुळे. १९७८ मध्ये शुक्राकडे जाणाऱ्या यानावरच्या एका उपकरणाचे ते प्रमुख होते. ते काम सोडून ते पृथ्वीच्या हवेकडे वळले, कारण इथली हवा बदलतेय हे त्यांना दिसत होतं. पुढे १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे, पृथ्वी तापायला लागली आहे, असं सरळ सांगणारे तेच. आपला अरबी समुद्र तापतोय, वादळं वाढली आहेत, हे आज पुण्याचे हवामानवाले सांगतात, ते याच धाग्यातलं. तुम्ही म्हणाल, "बघ, शहाणा माणूस शुक्र सोडून घरी आला." आलाच. पण गोधडी म्हणजे काय, ते शिकला तिकडेच. माझ्या कामातून असं काही निघेल असा शब्द मी देत नाही. बहुधा नाहीच निघणार.

आणि एक, हे ओटीवर सांगू नका. माणूस पाठवायच्या गगनयानाचा आकडा आता २०,१९३ कोटींवर गेलाय. शुक्रासाठी मी भांडेन, पण हा खर्च तुमच्यासमोर बसून मला पटवून देता येणार नाही. वादळानंतर आपल्याकडे महिनाभर वीज नव्हती, आई विहिरीवरून पाणी ओढत होती. आधी जमिनीखालून विजेच्या तारा की आधी शुक्र, असं कुणी मला विचारलं तर मी विजेच्या तारा म्हणेन. फक्त तसं कुणी विचारत नाही, आणि शुक्राचे वाचलेले पैसे घाट उतरून आपल्याकडे येतील असं तुम्हालाही वाटत नसणार.

वादळानंतर लावलेल्या पोफळींना पोय आलीय म्हणे. फोटो पाठव, आई, बुंध्यापासून दिसेल असा.

जूनच्या आधी पडवीची शाकारणी करून घ्या. मजुरीचे पैसे कालच खात्यात टाकलेत. नऊ रुपये कमी दिसले तर ते बँकेने कापलेत, शुक्राने नाही.

तुमची,
लेक